नव्या वसाहतीत रहिवाशांची संघटना: नोंदणी कुठे, ताबा कसा, वर्गणी किती?

चिरेबंदी (धागाकर्ता)

वसाहत गोव्यात, पर्वरीच्या पठारावर. चार इमारती, ७२ सदनिका: २४ लहान (६० चौ.मी.) आणि ४८ मोठ्या (९० चौ.मी.). कडेला १४ रो-हाऊस, प्लॉट स्वतंत्र, पण गेट आणि आतला रस्ता एकच. भोगवटा दाखला मिळालेला आहे. बिल्डर म्हणतो, एप्रिलपासून देखभाल तुम्हीच बघा. २६ सदनिकांना बारा महिने कुलूप. मालक आखातात, बोटीवर किंवा दिल्ली-मुंबईत.

अर्धे रहिवासी म्हणतात सात जणांच्या सह्या घालून असोसिएशन नोंदवू, अर्धे म्हणतात सहकारी सोसायटीच हवी. नेमकं काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, आणि एप्रिलला चावी हातात घेण्याआधी काय तपासावं? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

एकचौदा

नोंदणीच्या अर्जाला हात लावण्याआधी विक्रीखत आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) समोर घ्या. संस्था कोणत्या प्रकारची हवी ते या दोन कागदांवरून ठरतं, सभेत हात वर करून नाही.

गोव्यात बहुतेक ठिकाणी सदनिकेच्या विक्रीखतातच जमिनीचा अविभाजित हिस्सा विकलेला असतो. खताच्या शेवटची परिशिष्टं वाचा. एका परिशिष्टात पूर्ण जमिनीचं वर्णन आणि चतु:सीमा, पुढच्यात तुमची सदनिका ‘जमिनीतील प्रमाणशीर हिश्शासह’. असं लिहिलेलं असेल तर जमीन संस्थेच्या नावे करण्याचा प्रश्न सहसा राहत नाही. संस्था राहते ती देखभालीपुरती. म्हणून तर आपल्याकडे पाट्यांवर ‘को-ऑपरेटिव्ह हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी’ लिहिलेलं दिसतं. मुंबईच्या नातेवाइकांकडून ‘कन्व्हेयन्स’च्या कथा ऐकून घाबरू नका, तिथली मांडणी निराळी. क्लब हाऊस, पंपघर, मैलापाणी शुद्धीकरण आणि बिनछपराचं पार्किंग यांच्याबद्दल खतात काय आहे ते मात्र ओळ न ओळ वाचा. बिल्डरने गच्चीचा किंवा उरलेल्या चटई क्षेत्राचा (एफएसआयचा) हक्क स्वतःकडे ठेवल्याचं एखादं वाक्य हमखास मधल्या पानात असतं.

कुणाकडे नुसता विक्री करारच असेल आणि खत झालेलं नसेल तर आधी ते काम. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचं कलम १७ भोगवटा दाखल्यापासून तीन महिन्यांची मुदत देतं, आणि नकाशे-कागदपत्रं सुपूर्द करायला ३० दिवसांची.

आता रो-हाऊस. ते प्लॉट उपविभागणीतले असतील तर रस्ता आणि मोकळी जागा कुणाच्या नावे आहे ते उताऱ्यावर बघा. बक्षीसपत्राने पंचायतीकडे गेली असेल तर तो रस्ता सार्वजनिक झाला. मग गेटवर रखवालदार बसवून येणाऱ्याला अडवता येत नाही, आणि हॉटमिक्स डांबरीकरणाचा खर्चही तुमच्या वर्गणीतून करण्याचं कारण नाही. पंचायतीकडे गेलेली नसेल तर सगळं उलट: अडवायचा हक्क तुमचा, खड्डाही तुमचा.

मुळगावचो

सात जण, मेमोरँडम, नियमावली, फी, संपलं. एवढा कीस कशाला काढताय? १८६० च्या कायद्यात नोंदवा आणि कामाला लागा.

ताळेबंद

मुळगावचो, नोंदणी होईल, अडचण थकबाकीच्या दिवशी येते.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान सात जण लागतात हे बरोबर. पण त्या कायद्याच्या कलम २० मध्ये ज्या हेतूंची यादी आहे ती धर्मादाय, विज्ञान, साहित्य, कला अशी आहे. लिफ्टची देखभाल आणि वर्गणी वसुली त्यात ओढूनताणून बसवावी लागते. कोणी बारा महिने पैसे दिले नाहीत तर तुम्हाला दिवाणी न्यायालय. दावा कुणाच्या नावाने लावायचा तेसुद्धा नियमावलीत लिहिलेलं असावं लागतं (कलम ६: अध्यक्ष, सचिव की विश्वस्त). चाळीस हजारांच्या वसुलीसाठी कोण वकील लावतो? थकवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली नोंदलेल्या सोसायटीला थकबाकीसाठी सहकार निबंधकाकडे जाता येतं. लेखापरीक्षण दरवर्षी बंधनकारक, निवडणूक ठरलेल्या पद्धतीने, नोंदवह्या ठरलेल्या नमुन्यात. कटकट आहे, नाकारत नाही. पण ७२ घरं, लिफ्ट, शुद्धीकरण यंत्रणा आणि कुलूपबंद सदनिका एवढं सगळं असेल तर ही कटकट घ्यावी. दहा-बारा बंगल्यांची, नुसती दिवाबत्ती, कचरा आणि चवथीची सजावट बघणारी कॉलनी असेल तर १८६० चा कायदा पुरे.

तुमच्या बाबतीत सरळ तोडगा: ७२ सदनिकांची मेंटेनन्स सोसायटी. १४ रो-हाऊसवाल्यांशी गेट, रस्ता, पथदिवे, पावसाळी गटार एवढ्यापुरता लेखी करार. त्यांना सोसायटीत ओढलंत तर पहिल्याच सभेत ‘लिफ्टचा खर्च आम्ही का द्यावा’ यावर दोन तास जातील, आणि ते बरोबरच असतील.

फोंड्याची बाय

ताळेबंद यांना अनुमोदन. क्रमाबद्दल लिहिते.

पहिलं काम घरोघर फिरून नोंदवही. रकाने असे ठेवा: सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ, विक्रीखताचा नोंदणी क्रमांक, खतावरची सगळी नावं, जोडीदाराचं नाव, राहणारा मालक की भाडेकरू, फोन, ईमेल, परदेशी असेल तर इथला संपर्क, बिल्डरला देखभालीपोटी भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक. शेवटचा रकाना लोक विसरतात, आणि पुढे तोच सगळ्यात जास्त लागतो.

जोडीदाराच्या रकान्याचं कारण गोव्यापुरतं आहे. आपल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक धरली जाते. खतावर नाव एकाचं असलं तरी निम्म्याची धनीण दुसरी असू शकते. त्यामुळे नियमावलीत स्वच्छ लिहा: एका सदनिकेला एक मत, ते कोण देणार हे सहमालक लेखी कळवतील, नाही कळवलं तर खतावरचं पहिलं नाव. हे वाक्य नसेल तर एखाद्या निवडणुकीत एकाच घरातून दोन मतं दोन बाजूंना पडतात.

मालक वारलेला असेल तर थोरल्या मुलाला आपोआप सभासद करू नका. वारसाहक्काचं खत किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीच्या न्यायालयीन कामाचा) निकाल येईपर्यंत सर्व वारसांच्या सह्यांचं एक पत्र घ्या, त्यात एकाला पत्रव्यवहाराचा आणि मतदानाचा अधिकार. वर्गणी मात्र त्या काळातही चालूच राहते, ते पत्रातच लिहून घ्या.

दुसरं काम, पहिली सभा. नोटीस निदान चौदा दिवस आधी. जिन्याखालच्या फळ्यावर, ईमेलने आणि बंद सदनिकांना नोंदणीकृत टपालाने. नुसत्या व्हॉट्सॅपवर भागवू नका, ‘मला कळवलंच नाही’ म्हणणारा एक तरी निघतो. विषय चारच: सोसायटी स्थापन करण्याचा ठराव, नाव (दोन पर्यायी नावं जोडून), मुख्य प्रवर्तकाची निवड, नोंदणी खर्चासाठी प्रत्येकी रक्कम. पार्किंगचा विषय पहिल्या सभेत घेतलात तर हे चारही विसरा.

आणि सभा चवथीच्या आठवड्यात, मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा नाताळात नको. अर्धी वसाहत गावच्या घरी असते.

चिरेबंदी

मनापासून आभार. बिल्डर म्हणतो सोसायटी मीच करून देईन, फक्त सह्या द्या. घ्यावं का?

एकचौदा

मदत घ्या, मसुदा घेऊ नका. सोसायटी व्हायला सहकार्य करणं ही त्याची कायदेशीर जबाबदारीच आहे, उपकार नव्हे. रेराच्या कलम ११(४)(ई) मध्ये निम्म्याहून जास्त घरांचं बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी खर्चात चालू ठेवणंही त्याच्याकडेच. त्यामुळे ‘एप्रिलपासून बंद’ हे त्याने परस्पर ठरवायचं नसतं. नाहीच ऐकलं तर गोवा रेराकडे तक्रार. मात्र प्रकल्प रेराखाली नोंदलेला आहे का, ते संकेतस्थळावर आधी पाहा.

त्याने दिलेल्या उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीत) तीन गोष्टी शोधून काढा: न विकलेल्या सदनिकांवर वर्गणी माफ, पहिल्या समितीत त्याची दोन-तीन माणसं, आणि ‘विकासकाने केलेल्या सर्व व्यवस्था सभासदांनी मान्य केल्या आहेत’ असं एखादं गोंडस कलम. तिन्ही काढून टाका. न विकलेल्या घराचा मालक तोच, वर्गणीही त्याचीच.

पंपघर

ताबा घेण्याबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

एका दिवसात ताबा घ्यायचा नसतो. दोन महिने धरा. ताबापत्रावर सही करताना सोबत दोन परिशिष्टं हवीत: काय मिळालं त्याची यादी, आणि काय अपुरं आहे त्याची यादी दुरुस्तीच्या तारखेसह. दुसऱ्याशिवाय पहिल्यावर सही नाही.

पाणी. ७२ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोज ३८,८८० लिटर लागतात. म्हणजे नळ बंद पडला तर दहा हजारी टँकर दिवसाला चार. जमिनीखालच्या टाकीत निदान एक दिवसाचा साठा आहे का ते मापून बघा, बिल्डरच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. मग गळती. रात्री अकराला येणारा आणि जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेत खडूने खूण करा, सकाळी पाचला पुन्हा बघा. टाकी ४ बाय ३ मीटर असेल आणि पातळी दोन सेंटिमीटर उतरली असेल तर २४० लिटर पाणी सहा तासांत जमिनीत गेलं. पठारावर खाली चिरा (जांभा दगड) आहे, पाणी वर दिसत नाही, झिरपून थेट खालच्या बाजूच्या कुंपणाच्या भिंतीपाशी निघतं.

त्या भिंतीकडेही बघा. चिऱ्याची उंच भिंत आणि मागे भरावाची माती असेल तर पाणी निघायला खालच्या थरात भोकं हवीत, साधारण ७५ मि.मी.चा पाइप, दीड-दोन मीटर अंतराने, मागे खडीची गाळणी. भोकं नसतील तर भरावात पाणी साठतं, मातीचं वजन वाढतं आणि जुलैमध्ये भिंत मधोमध फुगते. भिंतीवर दोरी ताणून धरली की फुगवटा लगेच कळतो. भोकं असूनही भर पावसात कोरडी असतील तर ती दिखाऊ आहेत, मागे माती चोंदलेली.

गच्ची. पन्हाळींची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवा, खालच्या मजल्याच्या छताला हात लावून बघा. वर पत्र्याचं छप्पर घातलेलं असेल तर ‘आता गळत नाही’ यावर समाधान मानू नका, छपराची परवानगी आहे का ते विचारा.

वीज. सामाईक मीटर कुणाच्या नावे आणि कोणत्या प्रकारची जोडणी आहे ते बिलावर वाचा. पुष्कळदा बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणीच चालू राहिलेली असते, तिचा दर जास्त. ती कायम करून सोसायटीच्या नावे करायला वीज खात्याला भोगवटा दाखला आणि जुनी थकबाकी शून्य असल्याचा कागद लागतो. अर्थिंगचा रोध मेमध्ये मोजा. जुलैच्या ओल्या जमिनीत कुठलाही खड्डा पास होतो.

लिफ्ट, जनित्र, आगीचा पंप: तिन्ही चालवून बघा, कागद बघून खूण करू नका. आगीच्या पंपाला मुख्य वीज बंद करून जनित्रावर चालवा आणि सर्वात वरच्या मजल्यावरच्या नळाला पाइप जोडून पाणी येतं का बघा. हा पंप वर्षभर न फिरवल्याने जाम झालेला असतो, तेवढंच एक कारण निघतं बहुधा.

पंपघर

वरच्याच प्रतिसादात राहिलं: मैलापाणी. शुद्धीकरण यंत्रणा असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची मुदत बघा, संपलेली असली तर नूतनीकरण बिल्डरच्या खर्चाने. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) दिवसाला किती तास चालतो ते वीजबिलाशी ताडून पाहा. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवला की टाकीतले जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत वास सुटतो. मग लोक अत्तर ओततात. कूपनलिका असेल तर २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली नोंदलेली आहे का तेही विचारा.

आबोली

कागदांची यादी कुणीतरी द्या ना. बिल्डर ‘फाइल देतो’ म्हणतो आणि माहितीपत्रकं देतो.

एकचौदा

सनद (जमीन बिनशेती केल्याची), नगर नियोजन खात्याचा तांत्रिक मंजुरीचा आदेश मंजूर नकाशांसह, पंचायतीचा बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा आदेश, भोगवटा दाखला, रचनात्मक स्थैर्याचा दाखला, आरोग्य केंद्राचा आणि अग्निशमन संचालनालयाचा ना-हरकत, लिफ्टचे परवाने, यंत्रांच्या हमीपत्रांच्या मूळ प्रती. हे सगळं मिळतं, थोडं हेलपाटे घालून. मिळत नाहीत ते प्रत्यक्ष टाकलेल्या नळ आणि गटारांचे नकाशे. मंजूर नकाशातली वाहिनी आणि जमिनीतली वाहिनी यांची गाठ क्वचितच पडते. बिल्डरचा प्लंबर अजून हाताशी आहे तोवर त्याला घेऊन फिरा, प्रत्येक चेंबरवर क्रमांक रंगवा, झाकण उघडून फोटो घ्या, दोन भिंतींपासूनचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहा. सहा महिन्यांनी तो प्लंबर दुबईला असेल.

रचनेतला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, हे कलम १४(३). कळवणं लेखी, फोटोसह, पोच घेऊन.

ताळेबंद

आता पैसे. इथे मोघम बोलून चालत नाही म्हणून आकडे घेऊन दाखवतो. आकडे उदाहरणासाठी, तुमचे तुम्ही बसवा.

समजा ७२ सदनिकांचा महिन्याचा खर्च १,७२,८०० रुपये. सर्वांना समान वाटला तर घरटी २,४००. क्षेत्रफळावर वाटला तर एकूण ५,७६० चौ.मी., म्हणजे चौ.मी.ला ३० रुपये. लहान घराला १,८०० आणि मोठ्याला २,७००. निम्मा समान, निम्मा क्षेत्रफळावर केला तर लहान २,१००, मोठं २,५५०. मला तिसरी पद्धत पटते. रखवालदार ९० मीटरच्या घराची दीडपट राखण करत नाही, पण रंगकामाला आणि गच्चीच्या दुरुस्तीला मोठ्या घराचा वाटा मोठाच असतो.

खर्चाचा अंदाज काढताना सगळ्यात मोठी चूक रखवालदारात होते. एका गेटवर २४ तास एक माणूस हवा तर आठवड्याचे १६८ तास भागिले एका माणसाचे ४८, म्हणजे साडेतीन माणसं. दोन माणसांत बारा-बारा तास चालवणाऱ्या एजन्सीचा दर स्वस्त दिसतो, आणि पहाटे तीनला गेट उघडं मिळतं. एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना आहे का ते करारापूर्वी बघा.

पहिल्या महिन्याची वर्गणी हातात येण्याआधीच खर्च सुरू होतो, म्हणून तीन महिन्यांची आगाऊ रक्कम सर्वांकडून: सरासरी ७,२०० प्रमाणे ५,१८,४०० रुपये. शिवाय रंगकाम, लिफ्टचा दोर, पंप बदलणं यासाठी वेगळा निधी, वेगळ्या खात्यात, मुदत ठेवीत. चालू खर्चाला तो हात लागायचा नाही असं उपविधीतच लिहा. आपल्या पावसात बाहेरचा रंग सात-आठ वर्षं टिकला तर नशीब, तेव्हा पहिल्या वर्षापासून बाजूला टाकायला लागा.

बिल्डरने प्रत्येकाकडून देखभालीपोटी घेतलेल्या पैशांचा हिशेब लेखी मागा: घेतलेली रक्कम, व्याज, खर्च बिलांसह, शिल्लक. फोंड्याची बाय यांनी सांगितलेला शेवटचा रकाना इथे कामी येतो. तुमच्या पावत्यांची बेरीज आणि त्याचा आकडा जुळला पाहिजे.

मुळगावचो

तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यावेत? हा प्रश्न सुटला तर मी सोसायटी मानेन.

फोंड्याची बाय

गच्ची गळली तर तळमजल्यावाले देतात, तळमजल्यापुढचं गटार तुंबलं तर चौथ्या मजल्यावाले देतात. तसंच लिफ्टचं. हवं तर लिफ्टच्या विजेचा भाग तेवढा वगळा, पण ते एकदाच ठरावात लिहून टाका. दरवर्षी हा विषय पटलावर आला की दुसरं काही होत नाही.

ताळेबंद

कराबद्दल थोडक्यात. पॅन घ्या, पॅनशिवाय बँक खातं नाही. सभासदांची वर्गणी परस्पर तत्त्वावर (सभासदांचेच पैसे सभासदांसाठी) असल्याने तिच्यावर सहसा आयकर नाही, बँकेच्या व्याजावर आहे. एका कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० किंवा वर्षात १,००,००० च्या वर दिले तर उगमकर (टीडीएस) कापायचा: व्यक्ती असेल तर एक टक्का, फर्म वा कंपनी असेल तर दोन टक्के. त्यासाठी टॅन (करकपातीचा खाते क्रमांक) लागतो, भरणा पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत.

जीएसटी: घरटी महिना ७,५०० पर्यंत वर्गणी करमुक्त, म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. पण वर्षाची जमा १,७२,८०० गुणिले १२, म्हणजे २०,७३,६०० होते. वीस लाखांच्या वर. नुसती करमुक्त वर्गणी असेल तोवर नोंदणी लागत नाही. गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसवून महिन्याला वीस हजार भाडं घेतलंत की ते करपात्र, आणि मर्यादा मोजताना करमुक्त जमाही धरली जाते. म्हणजे नोंदणी, विवरणपत्रं आणि लेखापालाची फी मागे लागू शकते. मनोऱ्याचं भाडं मोहात पाडतं, हिशेब करून मगच हो म्हणा.

आबोली

आमच्या भागात खरा ताप आहे तो सुट्टीला भाड्याने दिलेल्या घरांचा. शनिवारी रात्री संगीत, सोमवारी सकाळी कचऱ्याच्या डब्याबाहेर बाटल्यांचा ढीग. सोसायटी असं भाड्याने देणं बंद करू शकते का?

फोंड्याची बाय

सरसकट बंदीच्या फंदात पडू नका, मालकाशी कोर्टकचेरी लागते. पकडायचं ते नोंदणीत. पर्यटकांना घर देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्राची प्रत सोसायटीत जमा करणं उपविधीत बंधनकारक करा. नसेल तर खात्याला लेखी कळवा. पाहुण्यांची नावं गेटवर आदल्या दिवशी, वाहनांची संख्या ठरलेली, आणि मालकाच्या वतीने रात्री फोन उचलणारा इथला एक माणूस. दीर्घ मुदतीच्या भाडेकरूची पोलिस पडताळणी मालकाने करायची, सोसायटीने प्रत ठेवायची.

कचरा ओला-सुका वेगळा न केल्यास उचलणारे उचलत नाहीत, आणि ढीग सर्वांच्या दारात राहतो. पणजीत महापालिका कॉलन्यांत सोळा प्रकारांत वर्गीकरण मागते. तुमच्या पंचायतीला किमान काय हवं ते सचिवांना विचारून डब्यांवर चित्रांसह मराठी, कोंकणी आणि हिंदीत लिहा. ओल्या कचऱ्याची खताची जागा मंजूर नकाशात दाखवलेली असते, तिथे सध्या बिल्डरचं सिमेंट ठेवलेलं असतं.

कुत्र्यांवरून भांडण व्हायच्या आत एक सांगते: २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत वसाहतीच्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवणं रहिवासी संघटनेवरच टाकलंय. मुलांच्या खेळाची जागा आणि जिने सोडून एक कोपरा ठरवा.

चिरेबंदी

बंद २६ सदनिकांकडून पैसे कसे येतील?

ताळेबंद

बंद घराला सूट नाही, हे पहिलं. बंद असलं तरी गच्ची, रंग, रखवाली तीच. उलट बंद घरातली गळती खालच्याला छळते. पाण्याचा भाग तेवढा मीटरप्रमाणे ठेवला तर तक्रारही उरत नाही. परदेशातल्यांकडून वर्षाचे पैसे एकदम घ्या, एप्रिलमध्ये भरले तर एका महिन्याची सूट; बहुतेकांना ते सोयीचंच पडतं. उशिराचं व्याज किती ते उपविधीत हवं, सभेत ऐन वेळी ठरवलेलं टिकत नाही. पाणी किंवा वीज तोडण्याची धमकी देऊ नका, तिथे कायद्याने तुम्हीच अडकाल. घर विकताना सोसायटीचा ना-हरकत सहसा मागितला जातो, तिथे थकबाकी निघते. पण ती वाट बघण्यात पाच वर्षं जातात, म्हणून निबंधकाकडे दावा लवकर.

बंद घराची एक चावी आणि आतल्या पाण्याच्या मुख्य कॉकची जागा मालकाकडून लिहून घ्या. हे पैशांइतकंच महत्त्वाचं.

पंपघर

तारखेचं बघा. एप्रिलला ताबा घेतलात तर पावसाआधी दोन महिने आहेत. पन्हाळी आणि गटारं एकदा मेअखेर साफ, आणि पहिल्या दोन-तीन सरींनंतर पुन्हा. पहिल्या पावसात वाऱ्याने पडलेला पाला, आंब्याची पानं, पत्र्यावरची माती सगळी तोंडाशी येऊन बसते. लोक मेमध्ये साफ केलं म्हणून स्वस्थ राहतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. त्या खड्ड्यात पाणी आलं की लिफ्ट बंद ठेवून आधी उपसा; देखभाल करारात खड्ड्यातल्या पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं.

ताबा घ्यायच्या रात्री बाराला सगळ्या सामाईक मीटरांचे, जनित्राच्या तासमापकाचे आणि डिझेलच्या पातळीचे फोटो घ्या, बिल्डरच्या माणसाला फोटोत उभा करून.

चिरेबंदी

घेतो. पहिल्या सभेची नोटीस येत्या रविवारी फळ्यावर लावतोय, चार विषय. पार्किंग नाही.